इनडोअर सायकलिंग आणि ग्रुप क्लास: ताल सगळ्यांचा, नॉब आपला

चांदणवेल

नवीन माणूस ग्रुप क्लासला येतो आणि महिन्याभरात दिसेनासा होतो, हे इतक्यांदा पाहिलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. विचारलं तर कारणं ठरलेली: सीटवर बसवत नाही, गुडघा दुखायला लागला, नाहीतर "बाकीचे कुठल्या कुठे, मला नाही झेपत". पहिल्या दोन कारणांवर बऱ्याचदा पाच मिनिटांत इलाज होतो. तिसऱ्यासाठी जरा समजून घ्यावं लागतं.

मी गेली काही वर्षं नियमित इनडोअर सायकलिंग करते. त्याआधी एरोबिक्स आणि स्टेपच्या बॅचला जात होते. सुरुवात चाळिशीनंतरची. जिना चढताना लागणारा दम गेला, बसल्या जागची नाडी खाली आली, झोप शांत लागते. वजनही उतरलं, पण सावकाश. वजनावरच डोळा ठेवून येणाऱ्यांना मी आधी दमसास वाढू द्या म्हणते, कारण तो फरक काही आठवड्यांतच जाणवतो आणि त्यामुळे माणूस टिकतो.

माझं मत आधीच सांगते. पंचविशीतला धावपटू आणि साठीची बाई शेजारी शेजारी बसून एकाच गाण्यावर व्यायाम करताहेत आणि दोघांनाही आपापल्या ताकदीचा व्यायाम मिळतोय, असं सायकलिंगच्या क्लासमध्ये जितकं सहज जमतं तितकं दुसरीकडे क्वचितच जमत असेल. इथे कोणी पुढे जात नाही की मागे राहत नाही. ताल सगळ्यांचा एकच, पण रेझिस्टन्सचा, म्हणजे पेडल जड-हलकं करायचा, नॉब ज्याच्या त्याच्या हातात. समोरून "अजून एक फेरी वाढवा", म्हणजे नॉब आणखी एकदा पूर्ण फिरवा, असा पुकारा झाला तर तो सगळ्या खोलीसाठी असतो. तो पाळायचा का, किती पाळायचा, हे आपण ठरवायचं.

आता सायकल लावण्याबद्दल. सायकलशेजारी उभं राहून सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला आणा. मग बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी तळाला न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता टाचेच्या जागी चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप हलका बाक येतो. तो साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा. त्यानंतर सीट पुढे-मागे करायची: दोन्ही पेडल एका आडव्या रेषेत आणल्यावर पुढच्या पायाच्या गुडघ्याची वाटी पेडलच्या आसाच्या बरोबर वर यावी. हँडल सुरुवातीला सीटच्या बरोबरीने किंवा थोडं उंच ठेवा, पाठीला आणि मानेला बरं पडतं. दांड्यांवर आकडे असतात, ते फोनमध्ये लिहून ठेवले की पुढच्या वेळी मिनिटभरात सायकल तयार.

सुरक्षेची एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या. या सायकलचं पुढचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, बहुतेक सायकलींत पेडलशी थेट जोडलेलं असतं. रस्त्यावरच्या सायकलसारखं पाय थांबवून नुसतं बसता येत नाही, चाक पायांना ओढत राहतं. म्हणून पाय एकदम रोखायचे नाहीत आणि पेडल फिरत असताना काढायचे तर नाहीतच. तातडीने थांबायचं असेल तर ब्रेक वापरायचा. बऱ्याच सायकलींत तोच रेझिस्टन्सचा नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, काहींत वेगळी दांडी असते. बसल्या बसल्या एकदा करून बघा.

आणि वेग. सपाटीच्या गाण्यावर मिनिटाला ८० ते ११० फेरे आणि चढाच्या गाण्यावर ६० ते ८० ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. पाय भन्नाट फिरताहेत आणि शरीर सीटवर उडतंय, याचा अर्थ रेझिस्टन्स फार कमी आहे, फ्लायव्हीलच तुमचे पाय फिरवतंय. नॉब अर्धी फेरी वाढवा, शरीर लगेच स्थिर होईल.

किती करायचं याचा अंदाज म्हणून: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस म्हणजे चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागतो. ही परीक्षा कुठल्याही घड्याळाशिवाय होते.

तुमचे अनुभव लिहा, शंका विचारा. जाणकारांनी भर घालावी.

अबोली

धागा अगदी वेळेवर आला. मी नाव घालायच्या विचारात आहे, पण धीर होत नाही. माझं वजन बरंच जास्त आहे. क्लासमध्ये मध्येच सगळे उभे राहून पेडल मारताना दिसतात. मी पूर्ण वेळ बसूनच केलं तर चालेल का? आणि सीट खरंच इतकी टोचते का?

चांदणवेल

अबोली, चालेल, आणि पहिले काही आठवडे तसंच करा असं मी सांगेन. बसून पेडल मारताना शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे जास्त वजन असलेल्यांच्या गुडघ्यांना हा व्यायाम उड्यांच्या क्लासपेक्षा सोसवतो. उभं राहायचं तेव्हा रेझिस्टन्स पुरेसा हवा, नाहीतर पायाखाली आधारच मिळत नाही आणि सगळा भार हातांवर येतो. त्यामुळे आधी बसून पायात ताकद येऊ दे.

सीट टोचते, हे खरं. बैठकीच्या हाडांना सवय नसते. साधारण दोन-तीन आठवड्यांत ते दुखणं ओसरतं. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घ्या, ती आत दुसरं काही न घालता वापरायची असते, शिवणी काचत नाहीत. मात्र दुखणं वेगळं आणि बधिरपणा वेगळा. मांड्यांच्या मधला भाग बधिर होत असेल तर सवयीची वाट पाहू नका. सीट खूप उंच आहे का, तिचं टोक वर उचललेलं आहे का, ते तपासा आणि मधूनमधून काही क्षण उभ्या राहा.

जागा मात्र अगदी कोपऱ्यातली घेऊ नका. इन्स्ट्रक्टरचे पाय आणि खांदे दिसतील अशी घ्या. नुसतं ऐकून करण्यापेक्षा बघून करणं नवख्यांना फार सोपं जातं.

रानवारा

मी क्लास घेतो, त्यामुळे समोरच्या बाजूने लिहितो.

अबोली, समोर बसलेल्या माणसाला कोण बसून आहे आणि कोण उभं, याने काही फरक पडत नाही. माझी नजर तीन ठिकाणी असते: खांदे कानाजवळ गेलेत का, गुडघे बाहेर फाकताहेत का, चेहऱ्याचा रंग कसा आहे. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी या आणि इन्स्ट्रक्टरला सगळं सांगा: जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं. सगळ्यांसमोर सांगायला नको वाटतं हे आम्हाला कळतं, म्हणूनच लवकर या म्हणतो.

"एक फेरी वाढवा" बद्दल चांदणवेल यांनी लिहिलंय त्याला तांत्रिक कारणही आहे. काही सायकलींत नॉब फिरवला की फेल्ट किंवा चामड्याचा पॅड चाकावर दाबला जातो. पॅड झिजतो तसा त्याच फेरीचा अर्थ बदलतो. शेजारच्या सायकलवरची एक फेरी आणि तुमची एक फेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. चुंबकी सायकलींत पॅड चाकाला लागतच नाही, चुंबक जवळ आला की फिरत्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह तयार होतात आणि ते चाकाला रोखतात. झीज नसल्याने तिथे आकडे अधिक भरवशाचे. तरी दोन सायकलींत थोडाफार फरक राहतोच. म्हणून मी फेऱ्या सांगण्यापेक्षा "आता बोलणं तुटायला हवं" असं सांगतो.

आणखी दोन गोष्टी कळकळीने. पेडल मारता मारता हलके डंबेल्स उचलण्याचा किंवा हँडलवर पुशअप मारण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्याने हातांना पुरेसं वजन मिळत नाही, आणि पायांचं कामही मंदावतं. तोल जातो आणि पाठ वाकडी होते ते वेगळंच. हाताच्या ताकदीसाठी सायकलवरून उतरा आणि नीट वजनं उचला. दुसरी गोष्ट कूलडाऊनची. शेवटचं गाणं सुरू झालं की निघून जाणारे खूप. जोरात व्यायाम चालू असताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि आकुंचन पावणारे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. पाच-सात मिनिटं हलकं पेडल मारा, मग उतरा.

मोकळं आकाश

वाचनखूण साठवली. मला जोरात क्लास केल्यानंतर उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. दुसऱ्या दिवशी जातं. सीटची उंची बरोबर वाटते. आणखी काय बघू?

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तपासायचा क्रम सांगते. गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखत असेल तर आधी सीट खाली किंवा फार पुढे आहे का ते बघायचं. मागच्या बाजूला, लवणीत दुखत असेल तर उलट: सीट उंच किंवा फार मागे. मोकळं आकाश, तुमची उंची बरोबर असेल तर सीट थोडी मागे घेऊन पाहा. एका वेळी एकच बदल, तोही थोडासा, आणि मग दोन-तीन क्लास तसेच करा. शिवाय जड रेझिस्टन्सवर अगदी संथ पेडल मारत असाल तर प्रत्येक फेरीला वाटीवर दाब जास्त येतो. रेझिस्टन्स जरा उतरवून वेग वाढवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा जिना उतरताना पाय दगा देऊ लागला तर प्रत्यक्ष दाखवा.

पण मी मुळात लिहायला आले ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पहिल्याच क्लासला पूर्ण जोर लावण्याचा एक धोका आहे आणि तो नव्या लोकांपर्यंत पोहोचतच नाही. त्याचं नाव रॅब्डोमायोलिसिस. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक अति ताण आला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं. २०१७ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पहिल्याच स्पिन क्लासनंतर, म्हणजे अशाच सायकलिंगच्या क्लासनंतर, असं झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती. हे क्वचित घडतं. पण सायकलच्या क्लासमध्ये घडण्याला कारण आहे. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, ते पाऊण तास सलग काम करतात. पायांना धक्के बसत नाहीत, त्यामुळे धावताना शरीर जसं लवकर तक्रार करतं तसं इथे करत नाही. त्यात गाणी आणि समोरून प्रोत्साहन. एरवी तंदुरुस्त असलेल्या तरुणांनाही हे होतं, त्यामुळे "मी तर रोज चालतो" हा भरवसा पुरत नाही. खूप उकाडा, पाणी कमी पडणं आणि कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिनसारखी काही औषधं यांनी धोका वाढतो.

नेहमीचं अंग दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं. पण मांड्या सुजून टणक झाल्या, दुखणं सोसवेनासं झालं, पाय उचलताना बळच नाही असं वाटलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि "परवा नवीन व्यायाम केला" हे डॉक्टरांना सांगायचं. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

कोवळं ऊन

पायवाट, वाचून भीती वाटली. मग पहिल्या क्लासला जायचं तरी कसं?

पायवाट

जायचं, नक्की जायचं. फक्त पहिला क्लास अर्धाच करायचा. वीस-पंचवीस मिनिटं, दहापैकी चार किंवा पाचच्या मेहनतीवर, नंतर हलकं पेडल मारत बाकीचा क्लास नुसता बघायचा. दोन क्लासमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर. तिसऱ्या-चौथ्या क्लासपर्यंत वेळ वाढवत न्यायची, जोर त्यानंतर. स्नायूंना पहिल्या सौम्य ताणानंतर संरक्षण मिळतं, तोच ताण पुढच्या वेळी खूप कमी इजा करतो. आजारपण किंवा प्रवासामुळे दीड-दोन महिन्यांचा खंड पडला असेल तर जुन्या मंडळींनीही असंच परतायचं.

सांजवेळ

माझं वय ६६. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यानंतर रुग्णालयातच देखरेखीखाली सायकल सुरू झाली आणि आता डॉक्टरांच्या परवानगीने सकाळच्या बॅचला जातो. माझ्यासारखे आणखी कोणी असतील म्हणून लिहितो.

क्लासमधल्या फळ्यावर वयानुसार नाडीचे आकडे लावलेले असतात. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र मांडलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं, साठीत पहिलं १६० आणि दुसरं १६६. पण दोन्ही सरासरी आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. आणि मी बीटा ब्लॉकर घेतो, त्या गोळीने नाडी मुळातच दबलेली राहते. फळ्यावरचा आकडा गाठायला गेलो तर तो माझ्यासाठी अघोरी प्रकार होईल.

म्हणून आम्हाला बोर्ग यांचं माप शिकवलं. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं माप ६ पासून २० पर्यंत जातं. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. सहापासून सुरुवात का, तर निरोगी तरुणाच्या बाबतीत आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी मिळावी, ६० ते २००, असा विचार त्यामागे होता. मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलं आहे, म्हणजे हलकं ते किंचित जड. समोरून काहीही पुकारा होवो, मी तेराच्या वर जात नाही. इन्स्ट्रक्टरला ते ठाऊक आहे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि सांगायचं.

अबोली

सांजवेळकाका, तुमचा प्रतिसाद वाचून मनावरचं ओझं उतरलं. उद्या नाव घालते.

पानगळ

काका, तुमच्या निश्चयाला मनापासून दाद. नाडीबद्दल एक भर: बंद खोलीत समोरून वारा लागत नाही, घाम वाळत नाही, त्यामुळे तेवढ्याच रेझिस्टन्सवर क्लासच्या उत्तरार्धात नाडी आपोआप चढत जाते. ताकद संपली असं वाटून घाबरायचं कारण नाही. पंख्याजवळची सायकल घ्या, पाण्याची बाटली आणि टॉवेल हाताशी ठेवा.

आता गटाबद्दल, कारण हा माझ्या आवडीचा विषय. गटात माणूस जास्त जोर लावतो, या शोधाची सुरुवातच सायकलवरून झाली. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर मारणारे वेगवान निघाले. पुढे १९२० च्या दशकात ओटो कोलर यांनी बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या लोकांना जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकटा असताना जितका टिकायचा त्याहून जास्त टिकला, आणि हा परिणाम दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असताना सर्वांत ठळक होता. फरक फार मोठा असला की तो उणावायचा. २०१२ मध्ये ब्रँडन अर्विन आणि सहकाऱ्यांनी हेच व्यायामाच्या सायकलवर तपासलं. आपल्यापेक्षा थोडी सरस जोडीदारीण पडद्यावर आहे आणि दोघींतली आधी थांबणारी जोडीचा निकाल ठरवणार, असं सांगितलेल्या स्त्रिया एकटीने करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट वेळ टिकल्या.

म्हणून माझा सल्ला: आपल्याहून किंचित पुढे असलेल्या माणसाच्या शेजारची सायकल घ्या. बॅचमधल्या सर्वांत तगड्या माणसाच्या शेजारची नको.

नदीकाठ

पानगळ, अभ्यास पटतो, निष्कर्ष नाही. जास्त वेळ टिकणं म्हणजे जास्त चांगलं, असं कुठे आहे? वर पायवाट यांनी जे लिहिलं ते गटाच्या ओढीमुळेच घडतं ना? मी क्लास सोडून घरी सायकल घेतली. मला हवं तेव्हा, हव्या त्या गतीने, कोणाची नजर नाही. मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं आणि क्रमांक दिसायचे, त्याने मला व्यायामाचीच धास्ती बसली होती. एकटीने करणं हाही पूर्ण व्यायाम आहे, एवढंच म्हणणं.

पानगळ

नदीकाठ, तुमचा मुद्दा वजनदार आहे. क्रमांकाच्या पडद्याबाबत तर शंभर टक्के सहमत. त्यावर बहुधा एकूण वॉट, म्हणजे पेडलवर लावलेली शक्ती, किंवा एकूण काम दाखवतात. ९० किलोचा धिप्पाड गडी आणि ५५ किलोची बाई यांचे वॉट एकाखाली एक लिहिण्याला काही अर्थच नाही, मोठे स्नायू असलेला वर राहणारच. तो आकडा उपयोगी पडतो तो एकाच कामाला: तीच सायकल, तेच मी, महिन्यापूर्वी किती आणि आज किती.

पण गटाचं बळ मला जोरापेक्षा नियमितपणात दिसतं. पावसाळी सकाळी अंथरुणातून उठवणारी गोष्ट म्हणजे "आपण नाही गेलो तर विचारतील". खंड पडला की दमसास फार लवकर उतरतो, दोन-तीन आठवड्यांत फरक मोजता येतो. ज्याला घरी एकट्याने सातत्य जमतं त्याला गटाची गरज नाही. तुम्हाला जमतंय, उत्तम.

चांदणवेल

दोघांचंही वाचलं. नदीकाठ, तुमच्या बाबतीत क्रमांकाच्या पडद्याने जे केलं त्याचं मला खरंच वाईट वाटतं. अशा क्लासमध्ये नाव न दाखवण्याची सोय बहुधा असते. मी नव्यांना ती आधी वापरायला सांगते. आणि क्लास निवडताना एक खूण बघा: इन्स्ट्रक्टर "कमी करायचं असेल तर करा" हे किती वेळा म्हणतो. जो म्हणतच नाही त्याच्या क्लासला मी मैत्रिणीला पाठवणार नाही.

निळाई

मी आठवड्यातून दोनदा सायकल आणि दोनदा बारबेलचा ग्रुप क्लास करते. पन्नाशीच्या आसपासच्या मैत्रिणींनो, नुसत्या सायकलवर थांबू नका. सायकलवर शरीराचं वजन हाडांवर पडत नाही, म्हणून सांध्यांना बरं वाटतं, पण त्याच कारणाने हाडांना मजबूत व्हायला निमित्तही मिळत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने उतरते. तेव्हा वजन उचलणं किंवा पायांवर उभं राहून करायचा व्यायाम हवाच. ग्रुपमधल्या बारबेल क्लासमध्ये वजन हलकं आणि आवर्तनं खूप असतात, ते सुरुवातीला ठीक. उचलण्याची पद्धत नीट बसली की हळूहळू जड वजनाकडे वळा.

आणि पडद्यावरचा कॅलरीचा आकडा मनावर घेऊ नका. वय, वजन, स्नायू यांची माहिती नसताना यंत्र अंदाजच लावतं, आणि तो बऱ्याचदा चढा असतो.

मोकळं आकाश

सीट थोडी मागे घेतली, रेझिस्टन्स उतरवून वेग वाढवला. गेल्या काही क्लासमध्ये गुडघा दुखला नाही. पायवाट, मनापासून आभार.

आमच्याकडे आता "तबाता राइड" सुरू झालीय. चार मिनिटांत तासाभराचा फायदा म्हणतात. खरं आहे का?

रानवारा

तसं नाही. इझुमी तबाता यांचा १९९६ सालचा मूळ प्रयोग व्यायामाच्या सायकलवरच झाला होता, हे मात्र खरं. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. पण तो जोर प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे १७० टक्के होता. सरावलेले तरुण खेळाडू शेवटच्या फेरीपर्यंत पार थकून जात. सहा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली आणि प्राणवायूशिवाय ताकद लावण्याची क्षमता सुमारे २८ टक्क्यांनी वाढली. क्लासमध्ये आपण घड्याळ तेच वापरतो, जोर तो नसतो आणि नसावाही. पाया पक्का झालेल्यांनी आठवड्यातून एखाददा जरूर करावं, छान दम लागतो. बाकीचे दिवस मध्यम गतीचेच ठेवा.

कोवळं ऊन

मी सुरू केलं. अर्धा क्लास, मग हलकं पेडल, पायवाट यांनी सांगितलं तसं. पाय दुखले पण बेताचे. एकच त्रास झाला, गाण्यांचा आवाज. घरी आल्यावरही कान वाजत होते.

पायवाट

कान वाजणं म्हणजे आवाज जास्तच होता. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. फोनवर आवाज मोजायचं ॲप मिळतं, एकदा मोजा. फोमचे इअरप्लग घाला, गाणी आणि सूचना तरीही ऐकू येतात. स्पीकरपासून दूर बसा आणि इन्स्ट्रक्टरला आवर्जून सांगा. रोज चार-चार क्लास घेणाऱ्या त्यांच्या कानांना तर तुमच्याहून जास्त धोका आहे.

रानवारा

पायवाट, हे आम्हा क्लास घेणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. मी आवाज मोजून उतरवला आणि माइक सुधारून घेतला. सूचना स्पष्ट पोहोचल्या की गाणी तेवढी मोठी लागतच नाहीत.

अबोली

जातेय नियमित. पूर्ण वेळ बसूनच करते, पंख्याजवळची जागा घेतलीय आणि शेजारच्या काकू माझ्याहून जरा पुढे आहेत. आता बूट घ्यायचे आहेत. क्लिप लागणारे घेऊ की साधे चालतील?

चांदणवेल

अबोली, किती छान वाटलं वाचून! अजून काही महिने साधेच चालतील, फक्त तळवा कडक हवा. धावायच्या बुटांचा तळ मऊ असतो, पेडलवर दाब देताना तो वाकतो आणि चवड्याला मुंग्या येतात. पेडलच्या पट्ट्यात पाय घालताना चवड्याचा रुंद भाग पेडलच्या आसावर येऊ दे आणि पट्टा फार आवळू नका. क्लिपचे बूट घ्याल तेव्हा आपल्या क्लासच्या पेडलला कोणती क्लिप बसते ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन स्क्रूची एसपीडी असते, काही सायकलींना तीन स्क्रूची डेल्टा. आणल्यावर पहिल्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी थांबलेल्या सायकलवर टाच बाहेरच्या बाजूला वळवून पाय सोडवायचा सराव करा, दोन्ही पायांनी, न बघता जमेपर्यंत.